मुंबई ते पुणे विमानाने किती वेळ? अंतर आणि वेळ स्वतः काढायची रीत

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे डोंबिवलीहून ताईचा फोन येतो. प्रश्न ठरलेला. "अरे, मुंबईहून पुण्याला विमानाने किती वेळ लागतो?" भाचा परदेशातून येणार असतो, त्याचं विमान मध्यरात्री मुंबईला उतरणार असतं, आणि ताईने कुठल्या तरी संकेतस्थळावर '३९ मिनिटं' असं वाचलेलं असतं. तिकिटावर एक तास लिहिलेला असतो. शेजारच्यांचा मुलगा मागे विमानाने आला, तेव्हा त्याला घरी पोचायला पाच तास लागले, हेही तिला ठाऊक असतं. यातलं खरं कुठलं?

३९ मिनिटं सोडली तर बाकीचे दोन्ही खरे. मोजायला सुरुवात कुठून केली, एवढाच फरक. हा हिशेब एकदा हाताने करून पाहिला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. मुंबई-पुणे ही जोडी उदाहरणासाठी उत्तम, कारण मध्ये सह्याद्री आहे, दोन्हीकडे गर्दीचे विमानतळ आहेत, आणि अंतर इतकं कमी की विमानाला धड वेग घ्यायलाही जागा पुरत नाही.

आधी ठरवा : कुठून कुठे

'मुंबई-पुणे अंतर' या नावाने चार वेगवेगळे आकडे फिरतात: ९४.५, ११९, १५० आणि १९२ किलोमीटर. ९४.५ ही नुसत्या एक्सप्रेसवेची लांबी, कळंबोलीपासून देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंत. कळंबोली म्हणजे मुंबई नव्हे आणि किवळे म्हणजे पुणे नव्हे, तरीही हाच आकडा शहरांमधलं अंतर म्हणून सर्रास सांगितला जातो. ११९ हे सीएसएमटी ते पुणे स्टेशन सरळ रेषेतलं अंतर. १५० हे रस्त्याचं, ढोबळमानाने. दादरहून स्वारगेटला निघालात तर साधारण तेवढं पडतं; बोरिवलीहून निघालात तर अर्थातच जास्त. आणि १९२ हे सीएसएमटी ते पुणे रुळांवरून.

म्हणून कागदावर पहिली ओळ लिहायची ती स्वतःच्या दाराची. 'दादर पश्चिम ते कोथरूड' असं लिहा, 'मुंबई ते पुणे' असं नको. शहरं शेजारची असली की हा फरक फार महाग पडतो. मुंबई-दिल्ली प्रवासात घर ते विमानतळ हे अंतर म्हणजे आमटीतली फोडणी. मुंबई-पुण्यात तीच अर्धी आमटी होऊन बसते.

सरळ रेषेतलं अंतर काढणं

फोनवरच्या नकाशात एखाद्या जागी बोट दाबून ठेवलं की तिचे अक्षांश-रेखांश दिसतात. मुंबईचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. आता वजाबाकी करा. अक्षांशांचा फरक ०.५१ अंश, रेखांशांचा १.०५ अंश.

एक अंश अक्षांश म्हणजे सगळीकडे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तापासून दूर जावं तसे रेखांश एकमेकांजवळ येतात, त्यामुळे आपल्याकडे १९ अंशांच्या आसपास एक अंश रेखांश भरतो १०५ किलोमीटर. म्हणजे पुण्याचा विमानतळ मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ५७ किलोमीटर आणि पूर्वेला सुमारे ११०. पुढचं सातवीतलं गणित, पायथागोरसचं. ५७ चा वर्ग ३२४९, ११० चा १२१००, बेरीज १५३४९, वर्गमूळ १२४ च्या किंचित खाली. विमानतळ ते विमानतळ हवाई अंतर १२४ किलोमीटर.

वैमानिकांच्या मापात हे ६७ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचं गणित कसं चालेल, अशी शंका आली असेल तर रास्त आहे. मुंबई-न्यूयॉर्कला ते अजिबात चालत नाही. सव्वाशे किलोमीटरला मात्र फरक नगण्य पडतो.

रूळ १९२ किलोमीटर का झाले

सरळ रेषा ११९ आणि रूळ १९२, म्हणजे दीडपटीहून जास्त. नकाशावर बोट फिरवून पाहा. पुणं मुंबईच्या आग्नेयेला, आणि गाडी सीएसएमटीहून निघते ती ठाण्याकडे, कल्याणकडे, म्हणजे ईशान्येला. ५४ किलोमीटर गेल्यावर कल्याण येतं. तिथून दक्षिणेकडे वळून कर्जत, सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवर. शंभर किलोमीटर धावून झालेले असतात आणि घाट अजून पुढेच असतो. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच, पण त्याला कारण आहे. हा मार्ग एकोणिसाव्या शतकात आखला गेला. खाडी ओलांडायची तर ठाण्याला, आणि सह्याद्री चढायचा तर बोरघाटातून. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला.

कर्जतला गाडी थांबली की वडापाववाल्यांचा गलका सुरू होतो आणि दोन मिनिटांत मागून एक हलकासा धक्का बसतो. हातातला चहा हिंदकळतो. नेहमीचे प्रवासी वरही बघत नाहीत. नवखा माणूस दचकतो. तो धक्का मागे जोडल्या जाणाऱ्या इंजिनांचा. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, हे मागून ढकलतात. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते. पळसदरी, ठाकुरवाडी, मंकी हिल, खंडाळा करत ती सावकाश वर जाते आणि वेळ खाते ती इथेच. लोणावळ्यानंतर पुण्यापर्यंतचे ६४ किलोमीटर ती मोकळी सुटते.

दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली. आज ती हे अंतर सव्वातीन तासांच्या आसपास कापते. किलोमीटर भागिले तास केलं तर सरासरी ताशी ६० भरत नाही, पण घाट डोळ्यांसमोर आणला तर तक्रार करवत नाही.

रस्त्याचं थोडक्यात. एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. सपाटीला मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, घाटात त्याहून बरीच कमी. खोपोली ते कुसगावची 'मिसिंग लिंक' १३.३ किलोमीटरची, घाटातलं सुमारे ६ किलोमीटर अंतर वाचवण्यासाठी आखलेली. शिवडी ते चिर्ले अटल सेतू जानेवारी २०२४ पासून आहे. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला त्याचा फायदा मोठा, अंधेरीहून निघणाऱ्याला नाममात्र. पहिली ओळ स्वतःच्या दाराची लिहा म्हणालो, ते यासाठीच.

विमानाचा वेळ : आधी खोटा, मग खरा

ताईने वाचलेली ३९ मिनिटं कुठून आली ते बघू. असल्या आकड्यांमागे बहुधा एक ठोकळेबाज सूत्र असतं: अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याची म्हणून ३० मिनिटं मिळवायची. १२४ भागिले ८०० म्हणजे ९ मिनिटं. अधिक ३०. झाली ३९. मुंबई-दिल्लीला हे सूत्र बऱ्यापैकी चालतं. इथे नाही, कारण मुंबई-पुणे विमान ताशी ८०० पर्यंत पोचतच नाही.

का, ते बघा. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे: दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. नेहमीच्या ३५ हजार फुटांवरून पुण्याला उतरायचं, आणि लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास २ हजार फूट उंच. म्हणजे ३३ हजार फूट उतरायचे, ९९ सागरी मैल हवेत. आपल्याकडे सगळे मिळून आहेत ६७, आणि त्यातच चढायचंही आहे. तेव्हा विमान तेवढं उंच जाण्याचा प्रश्नच येत नाही. ते खालच्या खालीच चालतं. समजा १२ हजार फुटांपर्यंत गेलं, तर नुसतं उतरायलाच ३० मैल गेले, जवळजवळ अर्धी वाट.

त्यात १० हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची वेगमर्यादा असते. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, तेव्हा हे ताशी ४६३ किलोमीटर झाले. या वेगाने ६७ मैल सरळ गेलं तरी १६ मिनिटं लागतात. शिवाय उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची काही मिनिटं याहूनही संथ असतात.

आता यातली गंमत वाऱ्याची. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, पुण्याचीही जवळपास तशीच. वारा पश्चिमेचा असला की मुंबईत विमान पश्चिमेकडे उडतं. पुण्याला जायचं असताना आधी जुहूच्या बाजूने समुद्रावर जातं आणि मग वळून पूर्वेला तोंड करतं. तिकडे पुण्यातही पश्चिमेकडे तोंड करूनच उतरायचं, म्हणून लोहगाव ओलांडून पूर्वेला जायचं आणि वाघोलीच्या बाजूने वळून परत यायचं. दोन्ही टोकांना वळसा. उलट पुण्याहून मुंबईला येताना त्याच वाऱ्यात विमान पुण्यातून पश्चिमेकडे उडतं आणि पूर्वेकडून येऊन सरळ मुंबईच्या धावपट्टीला लागतं. म्हणजे अंतर तेच, आणि मुंबईकडे येणारी वाट आकाशात सोपी.

हा फायदा मात्र मुंबईची रांग बहुधा गिळून टाकते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सुट्या वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या आल्या, जमिनीवर रांग आली. पुण्याची तऱ्हा वेगळी. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि प्रवासी विमानांना तिथल्या वेळा सांभाळून घ्यावं लागतं.

सगळं मिळवा. हवेत २५ ते ३५ मिनिटं. मुंबईत गेटपासून धावपट्टीपर्यंत सरकत जाणं १५ ते २०, पुण्यात उतरल्यावर ५ ते १०. बेरीज ४५ मिनिटांपासून तासाच्या थोडी वर जाते. तिकिटावर तास छापतात तो याचाच: विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर उभं राहीपर्यंत.

मी स्वतः हा प्रवास एकदाच केला. पट्टा सोडायची खूण काही झाली नाही. पाण्याची छोटी बाटली हातात आली, झाकण फिरवलं, तोच "उतरायला सुरुवात करत आहोत" अशी घोषणा. खिडकीतून सह्याद्रीची धार दिसली, एका धरणाचं पाणी चमकलं, आणि संपलं. त्याआधी मात्र आम्ही विमानात बसून जमिनीवर चाळीस मिनिटं काढली होती. शेजारचे काका घड्याळ बघत म्हणाले, "एव्हाना इंद्रायणी कर्जत सोडून गेली असती."

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

आता खरा हिशेब. दादर ते कोथरूड, विमानाने. घर ते टर्मिनल, टॅक्सीने, ४५ मिनिटं. देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि सुरक्षा तपासणीची रांग असतेच, म्हणून दीड तास आधी पोचायचं. विमानाचा एक तास. उतरून, सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. लोहगाव ते कोथरूड तासभर, संध्याकाळी जास्तच. एकूण पावणेपाच तास. त्यातला हवेतला जेमतेम अर्धा तास.

तेच रेल्वेने. दादर स्टेशनला जायला १५ मिनिटं, फलाटावर २० मिनिटं हातची, गाडीत तीन तास, पुणे स्टेशन ते कोथरूड ४० मिनिटं. सव्वाचार तास. एसटीच्या शिवनेरीने साडेतीन-चार तास गाडीतले, अधिक दोन्हीकडचं येणं-जाणं. तेही साडेचार-पाचच्या घरात. स्वतःच्या गाडीने वाहतूक मोकळी असेल तर सव्वातीन-साडेतीन तास. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हा आकडा कागदावरच राहतो. खालापूर टोलनाक्यापुढे एकदा का ट्रकांची रांग लागली की देव जाणे.

आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला. अंधेरी-पार्ल्यात राहणाऱ्याचा विमानतळाचा पाऊण तास १५ मिनिटांवर येतो. विमाननगर किंवा खराडीत उतरायचं असेल तर शेवटचा तासही वाचतो. अशा माणसाला, नुसतं पाठीवरचं सामान घेऊन, मोबाइलवर चेक-इन करून गेलं तर विमान सव्वातीन तासांत घरी पोचवतं. म्हणजे ते शर्यतीत येतं खरं, पण पार्ले ते विमाननगर एवढ्यापुरतंच.

मेट्रोने दोन्ही टोकांना थोडा हातभार लावला आहे. मुंबईत तिसऱ्या मार्गिकेचं स्थानक टर्मिनल २ ला आहे, आणि तिथपर्यंतच्या प्रवासात रस्त्यावरची कोंडी आडवी येत नाही. पुण्यात मेट्रो थेट विमानतळाला जात नाही. वनाझ मार्गावर रामवाडीला उतरून पुढे रिक्षा किंवा बस करावी लागते. मोठ्या बॅगा असतील तर हा उपद्व्याप नको.

विमान घ्यायचं कधी

माझ्या मते एकाच वेळी: पुढचं किंवा मागचं लांबचं विमान त्याच तिकिटावर जोडलेलं असेल तेव्हा. एकाच पीएनआरवर प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा झाल्यावर पुढची सोय लावणं हे कंपनीचं काम. दोन तिकिटं सुटी काढलीत की पुढचं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमच्या खिशाला. हजार-दीड हजार वाचवायला सुटी तिकिटं काढून मग विमानतळावर धावाधाव करणारे मी पाहिले आहेत.

परदेशातून येताना सामान मुंबईतच ताब्यात घ्यावं लागणार, कस्टम्समधून बाहेर काढून पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागणार, असंच धरून वेळ ठेवा. तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. टर्मिनल १ आणि २ यांच्यामध्ये बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं, तेव्हा पुढचं विमान कुठल्या टर्मिनलचं ते तिकिटावर आधी पाहा. आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिकिटावर 'मुंबई' दिसली म्हणून सहारला जाऊन उभे राहू नका. पुणेकराला नवी मुंबई सोयीची, कारण एक्सप्रेसवेचं तोंड तिथून जवळ आणि मुंबईतली गर्दी सगळी टळते. तिथे उतरणाऱ्याने पुण्याला पुढे विमानाने जायचा विचारही मनात आणू नये.

आणखी एक फसवी गोष्ट. मुंबई-पुणे थेट विमान कधी वेळापत्रकात असतं, कधी नसतं. ज्या तारखेला नसतं, त्या तारखेला तिकिटांची संकेतस्थळं 'मुंबई-पुणे, एक थांबा' असं काहीतरी बिनदिक्कत दाखवतात. तो एक थांबा चक्क दिल्लीचाही असू शकतो. मुंबई-दिल्ली साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, आणि दिल्लीहून पुणं तेवढंच परत. १२४ किलोमीटरसाठी तेवीसशे. यादीत वरचं स्वस्त तिकीट घाईने दाबण्याआधी 'थांबे' हा रकाना वाचा. 'फक्त थेट' ही खूण केली की खोटी गर्दी आपोआप गळते.

तारीख निवडताना ऋतूही बघा. पावसाळ्याआधी मुंबईच्या धावपट्ट्या देखभालीसाठी काही तास बंद ठेवतात, त्याची सूचना आधी निघते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड आली तर रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडतात. तेवढ्या दिवसांत विमानाचं पारडं थोडं जड होतं, पण मुसळधार पावसात विमानंही वेळेवर नसतातच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं सकाळचं धुकं पहिल्या विमानाला खोळंबवू शकतं.

भाचा या खेपेला रात्री दोनला टर्मिनल २ वर उतरतोय. सामान घेऊन बाहेर यायला साडेतीन होतील. सकाळच्या विमानासाठी तो तिथेच खुर्चीवर मान टाकून बसला, तर दुपारच्या जेवणाला कोथरूडला. मी त्याच्यासाठी गाडी सांगून ठेवली आहे. त्या वेळी सायन-पनवेल मोकळा असतो, घाटात ट्रक असतात पण मोटारींची गर्दी नसते. फूड मॉलला एक चहा धरला तरी सात-सव्वासातला तो दारात. ताईला हे सगळं फोनवर नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, पण विमानाने गेला असता तर एकोणचाळीस मिनिटंच ना?"